तान्ह्या पोळ्यासाठी दीड मिनिटाची थ्रीडी फिल्म: पहिल्या कॉम्प्युटर-फिल्म्सकडून काय घ्यायचं, काय सोडायचं?

नंदी_पाटीवर (आर्णी, जि. यवतमाळ)

नमस्कार राजेहो,

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी समाजमंदिरात पोट्ट्यांना दाखवायला दीड मिनिटाची थ्रीडी फिल्म करतो आहोत. गोष्ट एवढीच: पोरगं बोजारा (सणाला घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा) मागायला चाकाचा लाकडी नंदी ओढत निघतं, एका घराच्या उंबरठ्याला चाक अडतं, आणि मागे बांधलेला छोटा नंदी ढुशी देऊन मोठ्याला पार करतो. दारात आजी उभी आहे.

साधनं: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, ब्लेंडर ३.६ (थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअर). दिवसातून दोन-तीनदा लाइन जाते.

अडचणी चार. आजीचा चेहरा निर्जीव दिसतो, डोळे उघडे असूनही ती पाहत नाही असं वाटतं. नंदी सागवानाचा न वाटता प्लास्टिकचा वाटतो. चाक फिरतं, पण जमिनीवर घसरल्यासारखं. आणि सायकल्समध्ये (ब्लेंडरचं उजेड मोजून चित्र काढणारं इंजिन) १९२० बाय १०८० ला, २५६ सॅम्पलवर (दर पिक्सेलला उजेडाची २५६ मोजमापं) एका फ्रेमला ६ मिनिटं लागतात. ९० सेकंद गुणिले २४, म्हणजे २,१६० फ्रेम, म्हणजे २१६ तास. सलग नऊ दिवस.

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. आज पोरं जे काही बघतात ते बहुतेक १९९५ च्या आसपासच्या पहिल्या कॉम्प्युटर-फिल्म्सच्या वळणावर गेलेलं दिसतं. त्या वळणातलं खरोखर कामाचं काय, आणि नुसती सवय म्हणून उरलेलं काय?

जुनी_फ्रेम (वर्धा)

तुमचे पहिले दोन प्रश्न आणि तो मोठा प्रश्न, तिन्हींचं मूळ एकच आहे. त्या काळच्या लोकांनी आधी गोष्ट ठरवून मग मशीनला ताणलं नाही. मशीनला काय नीट काढता येतं ते पाहिलं आणि त्यातून पात्रं निवडली.

तेव्हाचं शेडिंग मुख्यतः फाँगच्या १९७५ च्या पद्धतीवर आणि तिच्या भावंडांवर चालायचं: पृष्ठभागावर पसरलेला रंग, आणि वर एक चकाकता ठिपका. उजेड आत शिरतो, थोडा फिरतो आणि बाहेर येतो, हे कातडीचं खरं वागणं त्यात नव्हतंच. त्यामुळे काहीही काढलं तरी ते प्लास्टिकचं दिसायचं. मग प्लास्टिकचीच पात्रं घेतली. १९८६ च्या 'लक्सो ज्युनियर'मध्ये टेबललॅम्प आहेत, १९९५ च्या 'टॉय स्टोरी'मध्ये खेळणी. कातडीतला उजेड हिशेबात धरणारी वापरण्याजोगी पद्धत हेन्रिक येन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली, तोवर माणसाचा चेहरा हा धोक्याचाच विषय होता. १९८८ च्या 'टिन टॉय'ला ऑस्कर मिळालं, असं ऑस्कर मिळवणारी ती पहिली कॉम्प्युटर-फिल्म. तरी त्यातलं बाळ आजही बघवत नाही. जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसासारखं पण पूर्ण माणूस नसलेलं काही दिसलं की मन मागे सरतं. तुमच्या आजीचं तेच झालं आहे. ती थोडी कमी माणसासारखी असती तर चालली असती.

म्हणून आजीचा चेहरा काढूच नका. कॅमेरा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, नंदीच्या डोळ्याच्या उंचीला ठेवा. चौकटीत आजीचे पाय, जोडवी, लुगड्याचा काठ, आणि बोजारा द्यायला खाली आलेला हात एवढंच येईल. पोराचंही तसंच, गुडघ्यापर्यंत. 'टॉय स्टोरी'तही माणसं पुष्कळदा पाय, हात आणि पाठ एवढीच दिसतात. गैरसोयीतून आलेली असली तरी ही चौकट लहान मुलांच्या चित्रपटाला शोभते, कारण मुलाला घर तसंच दिसतं. हे मी कामाचं धरतो.

एक सूचना. नंदी खऱ्या मापाचा, २५ सेंटिमीटर लांब केला असेल आणि कॅमेरा फार जवळ नेलात, तर पुढचा भाग कापला जाईल. कॅमेऱ्याचा क्लिप स्टार्ट मुळात १० सेंटिमीटर असतो. तो १ सेंटिमीटर करा.

आणि मोह झाला तरी केसाळ खरा बैल यात आणू नका. २००१ च्या 'मॉन्स्टर्स इंक'मधल्या सलीच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते आणि त्याची एक फ्रेम काढायला ११-१२ तास लागायचे.

सांधा_आणि_खीळ (मूर्तिजापूर)

चाकाचं बोलतो.

चाकाला हाताने कीफ्रेम (ठरावीक फ्रेमला नेमलेली स्थिती) देत असाल तर ते घसरणारच. बैल सुटताना हळू आणि मग जलद होतो, चाक मात्र एकाच गतीने फिरत राहतं. ड्रायव्हर लावा, म्हणजे एकाच्या चालीवरून दुसऱ्याचा आकडा आपोआप ठरतो. चाकाच्या रोटेशनच्या खान्यावर उजवं क्लिक, ॲड ड्रायव्हर, व्हेरिएबल म्हणून नंदीच्या मुख्य एम्प्टीचं (सगळा नंदी ज्याला बांधलेला आहे त्या न दिसणाऱ्या बिंदूचं) पुढे-मागे लोकेशन, आणि एक्स्प्रेशनमध्ये ते चाकाच्या त्रिज्येने भागायचं. चाकाचा व्यास ६ सेंटिमीटर असेल तर भागाकार ०.०३ ने. उत्तर रेडियनमध्येच हवं असतं, म्हणून आणखी काही गुणायचं नाही. ३० सेंटिमीटर चाल म्हणजे १० रेडियन, दीड फेऱ्यांपेक्षा थोडं जास्त. उलटं फिरलं तर आधी वजाचं चिन्ह द्या. तरीही घसरलं तर नंदीचं स्केल अप्लाय केलेलं नसेल, किंवा तो चौकटीत तिरका चालत असेल. प्रत्येक शॉटमध्ये चाल एकाच अक्षावर ठेवा आणि वळण लागलं की शॉट बदला.

चाकावर रंगकाम करताना चार पाकळ्यांचं फूल काढू नका. नंदी सेकंदाला ३० सेंटिमीटर चालला आणि फिल्म सेकंदाला १२ चित्रांची असली तर चाक दर चित्राला जवळपास ४८ अंश फिरतं. चार पाकळ्या ९० अंशांवर असतात, म्हणजे ४५ च्या पुढे गेलं की डोळ्याला ते उलटं फिरताना दिसतं. एकच ठिपका किंवा कडेला एक टवका ठेवा.

आता गोष्टीतली एक चूक, जी पोट्टे लगेच पकडतील. गावाकडचा उंबरठा ८-१० सेंटिमीटरचा असतो. चाकाची त्रिज्या ३ सेंटिमीटर. कड त्रिज्येइतकी किंवा जास्त उंच असली की कितीही आडवं ओढा किंवा ढकला, चाक चढत नाही. छोट्याने जन्मभर ढुश्या मारल्या तरी नाही. उंबरठ्याऐवजी अंगण आणि ओसरी यांच्यामधली फरशीची दीड सेंटिमीटरची कड घ्या. तिच्यावर चढायलाही त्या चाकावरच्या वजनाच्या पावणेदोन पट ओढ लागते, म्हणजे पोराच्या एका हाताने अडणं पटतं आणि छोट्याची मदतही पटते.

चालीतला जीव. 'लक्सो' आणि 'टॉय स्टोरी'चा दिग्दर्शक जॉन लॅसेटर, त्याने १९८७ मध्ये सिग्राफ या कॉम्प्युटर-ग्राफिक्सच्या परिषदेत एक निबंध वाचला होता. हाताने चित्रं काढणाऱ्यांची जुनी तत्त्वं, दबणं-ताणणं, आधीची तयारी, मागून येणारी हालचाल, ती कॉम्प्युटरवर कशी लावायची याबद्दल. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी: वस्तू टणक असली तरी ती दबते, फक्त सांध्यातून. लॅम्प उडी मारण्याआधी स्वतःवरच घडी घालतो, पत्रा कुठे वाकत नाही. तुमच्या नंदीला सांधे दोनच द्या, मान आणि पाटी (खालची चाकांची फळी). पाय पाटीत ठोकलेले असतात, ते हलवू नका. दोरी ४ फ्रेममध्ये ताणली जाते, मान पुढच्या ६ फ्रेममध्ये ५ अंश खाली जाते, आणि मगच चाक हलतं. थांबताना पाटी पुढच्या आसावर ३ अंश कलते, दीड अंश मागे येते आणि ८-१० फ्रेममध्ये स्थिरावते. ढुशी देण्याआधी छोटा २ सेंटिमीटर मागे सरकलाच पाहिजे, निदान ८ फ्रेम. ते नसेल तर बघणाऱ्याला धडक कळतच नाही, कारण नजर तिथे गेलेली नसते.

आकडे २४ च्या टाइमलाइनचे आहेत.

आणि छोटा नंदी म्हणजे मोठ्याचं स्केल अर्धं, असं करू नका. 'लक्सो'मधल्या लहान लॅम्पची टोपी लहान आहे, दांडे आखूड आहेत, पण बल्ब मोठ्याइतकाच, कारण बल्ब दुकानातून येतो, तो लॅम्पबरोबर वाढत नाही. तुमच्याकडे घुंगरू आणि चाकाची खीळ बाजारातून येते. ती दोन्ही नंदींना सारख्याच मापाची ठेवा. छोटा आपोआप लेकरू दिसेल.

नंदी_पाटीवर

सांधा भाऊ, फरशीची कड पक्की. पावणेदोन पटीचा हिशेब पोरांना फळ्यावरही दाखवता येईल. आजीचा चेहरा काढून टाकला.

आता सागवान आणि शिंगांचं बेगड? बेगड लावलं तर राखाडी दिसतं.

रंगारी_पवनी

बेगड राखाडी दिसतं कारण त्याला दाखवायला समोर काही नाही. धातूला स्वतःचं रूप जवळपास नसतंच, तो आजूबाजूचं दाखवतो. मेटॅलिक (धातूपणा) १, रफनेस (खरखरीतपणा) ०.२५ ठेवा आणि चौकटीबाहेर, कॅमेऱ्याच्या मागे, एक मोठा पांढरा पडदा आणि एक आंब्याच्या तोरणाच्या रंगाचा हिरवा पट्टा उभा करा. बेगड शिंगावर चिकटवताना चुण्या पडतात. त्या नॉइजने (मशीनने काढलेल्या अनियमित नक्षीने) बंपमध्ये (खोट्या उंचसखलपणात) द्या, स्ट्रेंथ ०.१५ च्या आसपास. चुणी नसलेलं बेगड स्टीलच्या पेल्यासारखं दिसतं.

सागवानासाठी फोटो गुंडाळू नका. तिथेच प्लास्टिक येतं, कारण शिंगाच्या बुडाशी आणि पोटाखाली फोटो ताणला जातो आणि शिरा मधेच तुटतात. १९८५ मध्ये केन पर्लिन आणि डार्विन पीची यांनी, दोघांनी वेगवेगळं, असं मांडलं की रंग वस्तूवर चिकटवण्याऐवजी अवकाशात भरून ठेवायचा आणि वस्तू त्यातून कोरून काढल्यासारखी समजायची. सुतार तेच करतो. पर्लिन १९८२ च्या 'ट्रॉन'साठी काम करणाऱ्यांपैकी, आणि तिथल्या सगळ्या वस्तू मशीनमधून निघाल्यासारख्या गुळगुळीत दिसतात ही त्याची खंत होती. त्यातून त्याचं नॉइज आलं, ज्यासाठी त्याला १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज चित्रपटातला धूर, डोंगर, गंज, ढग, यांत कुठे ना कुठे तेच असतं. प्रभाव म्हणाल तर मी कुठल्याही गोष्टीआधी हे नाव घेईन.

करायचं असं. टेक्श्चर कोऑर्डिनेटमधून ऑब्जेक्ट, मग मॅपिंग: नंदीच्या लांबीच्या दिशेला स्केल १, उरलेल्या दोन दिशांना १२. त्यावर नॉइज, डिटेल ६. कलर रॅम्पमध्ये तीनच रंग: मधासारखा पिवळट, तपकिरी, आणि गडद शिरेचा. काळा नको. डोकं वेगळ्या ठोकळ्याचं असेल तर त्याच्या मॅपिंगला थोडं लोकेशन सरकवून द्या, म्हणजे जोड दिसेल. मान फिरताना शिरा जागेवर राहून लाकूड त्यातून सरकताना दिसलं, तर कोऑर्डिनेट मानेचे नसून धडाचे लागले आहेत.

दुसऱ्या नॉइजने रफनेस ०.३५ ते ०.६ मध्ये फिरवा. सगळीकडे एकच रफनेस, हेच प्लास्टिकचं खरं लक्षण. आणि कड. सुतार पॉलिश कागद मारतोच, त्यामुळे लाकडाची कोणतीच कड ब्लेडसारखी नसते. बेव्हल (कड मोडून गोल करणं) दीड मिलिमीटर, दोन सेगमेंट. उजेडाची रेघ या कडेवरच बसते.

गोलाईसाठी सबडिव्हिजन सरफेस (पृष्ठभाग बारीक विभागून गुळगुळीत करणारी पद्धत) वापराच. तो कॅटमल आणि क्लार्क यांचा १९७८ चा, 'गेरीज गेम' या १९९७ च्या लघुपटात पात्राच्या चेहऱ्यासाठी वापरून सिद्ध झाला. पण आधी बेव्हल आणि नंतर सबडिव्हिजन, हा क्रम चुकला तर कड फुगते.

रेंडर_रात्रपाळी (ब्रह्मपुरी)

नऊ दिवस लागायचं कारण नाही. दाखवतो.

सगळ्यात आधी, एमपी४ मध्ये थेट रेंडर करू (अंतिम चित्रं काढू) नका. लाइन गेली की अर्धवट फाइल बहुधा उघडतच नाही आणि रात्र वाया जाते. पीएनजी चित्रांची मालिका काढा. आउटपुटमध्ये ओव्हरराइटची खूण काढा आणि प्लेसहोल्डर्सची लावा. लाइन आल्यावर पुन्हा रेंडर दाबलं की जी चित्रं आहेत ती सोडून पुढचीच निघतात. फक्त ज्या क्षणी लाइन गेली त्या फ्रेमची शून्य बाइटची फाइल पडलेली असते, ती आधी पुसा. नाहीतर ती झाली असं धरून पुढे जाईल आणि पडद्यावर एक रिकामी उडी दिसेल.

दुसरं, १२८० बाय ७२०. पिक्सेल ४४ टक्के उरतात. समाजमंदिराच्या प्रोजेक्टरवर फरक कळणार नाही. आणि 'टॉय स्टोरी' सिनेमागृहासाठी १५३६ बाय ९२२ ला काढलेली होती, तुमच्या आत्ताच्या १०८० पेक्षा कमी.

तिसरं, ६४ सॅम्पल आणि ओपन इमेज डिनॉइज (चित्रातले खरखरीत ठिपके पुसणारं साधन). दोन्ही मिळून ६ मिनिटांचं मिनिटाच्या आत येईल. डिफ्यूज बाउन्स (उजेड वस्तूंवरून किती वेळा परततो तो आकडा) १ करा आणि अंगणाचा परतीचा उजेड हाताने द्या: नंदीच्या खालच्या बाजूने एक मंद एरिया लाइट, सारवलेल्या जमिनीच्या हिरवट-तपकिरी रंगाचा, सावलीशिवाय. परत फिरणारा उजेड मशीनकडून मोजून घेणं 'टॉय स्टोरी' काढणाऱ्या पिक्सारनेही २०१३ च्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'पासून सर्रास सुरू केलं. त्याआधी दिवे असेच एकेक करून लावले जात.

चौथं, कॅमेरा स्थिर असलेले शॉट फ्रेम स्टेप २ वर, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने पात्रं मुद्दाम बारा-बारावर हलवली आणि मोशन ब्लर (हालचालीची धूसरता) टाळला, म्हणून हे आता कोणाला अडाणी वाटत नाही. कॅमेरा हलणारा शॉट मात्र २४ वरच, नाहीतर भिंत ठेचकाळत जाते. तुमच्या ९० सेकंदांत २० सेकंद कॅमेरा हलता धरला तर ४८० आणि उरलेल्या ७० सेकंदांचे ८४०. एकूण १,३२० चित्रं, मिनिटाला एक, २२ तास. तीन रात्री.

यातही वाचतं. स्थिर शॉटमध्ये घर, अंगण, तोरण काही हलत नाही. ते एकदाच, एका फ्रेममध्ये ३०० सॅम्पलवर काढा. मग नंदी वेगळा: सेटिंगच्या 'फिल्म' खान्यात ट्रान्सपरंट, जमिनीला शॅडो कॅचर (जमीन दिसत नाही, सावली तेवढी उरते), पीएनजी आरजीबीए (पारदर्शकतेसकट). नंतर एकावर एक ठेवा. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये लुकासफिल्ममध्ये या थरांचं गणित लिहिलं, आजही फोटोवर मजकूर ठेवणारं प्रत्येक ॲप तेच वापरतं. फायदा दुहेरी आहे: डिनॉइजमुळे भिंतीवर जी उकळी फुटल्यासारखी दिसते ती जाते. नंदीच्या पोटाखालच्या सावलीत तरीही दिसली, तर त्याच शॉटचे सॅम्पल १२८ करा.

'टॉय स्टोरी'च्या वेळी ११७ सन कॉम्प्युटर रात्रंदिवस चालत. एक लाख चौदा हजारांवर फ्रेम, एकेक ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत, एकूण सुमारे ८ लाख मशीन-तास. सरासरी फ्रेमला सात तास पडले. म्हणून तिथे नको असलेला शॉट काढणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि इथेही काढू नये.

झाडीपट्टी_पडदा (वडसा)

रात्रपाळी भाऊंच्या शेवटच्या ओळीपासून पुढे जातो, कारण माझ्या मते खरा वारसा तिथे आहे, चित्रात नाही.

रेंडर इतकं महाग होतं की फिल्म आधी कागदी चित्रांवर पूर्ण कापून, आवाज लावून, बघून घेतली जायची. स्टोरी रील म्हणतात तिला. १९ नोव्हेंबर १९९३ ला 'टॉय स्टोरी'ची रील डिस्नेच्या लोकांना दाखवली तेव्हा वुडी हा त्यातला मुख्य बाहुला इतका खडूस निघाला की काम थांबवून पटकथा पुन्हा लिहावी लागली. मशीनवर सगळं निघाल्यावर हे कळलं असतं तर फिल्म झालीच नसती. आता खऱ्या नटांचे मोठे चित्रपटही आधी कॉम्प्युटरवर कच्चे रचून घेतात. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत तालमीशिवाय पडदा वर जात नाही, तसंच धरा.

तुमच्या ९० सेकंदांना १८ ते २२ शॉट पुरतात. प्रत्येकाचं पेन्सिलचं एक चित्र, मोबाइलवर फोटो, ब्लेंडरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये ओळीने लावा आणि आवाज आधी बसवा. आवाज पहाटे, कूलर-पंखे बंद असताना घ्या. भिंतीला गोधड्या टांगा, मोबाइल तोंडापासून एक वीत, जरा बाजूला. पोरांच्या झडत्या (पोळ्याला म्हणायच्या ओळी), घुंगरू आणि लाकडी चाकाची घरघर वेगवेगळी घ्या. ही रील गावातल्या चार पोट्ट्यांना दाखवा. ढुशीला ते हसले नाहीत, तर दोष रेंडरने भरून निघणार नाही.

जुनी_फ्रेम यांच्याशी एका जागी माझं पटत नाही. आजीचा चेहरा टाळायला सांगितलं ते ठीक, पण त्यांनी तो मशीनच्या मर्यादेचा प्रश्न केला. तुमच्या गोष्टीत चेहरा असता तरी तो नकोच होता. 'लक्सो' दाखवल्यावर जिम ब्लिन हा जाणकार लॅसेटरकडे आला, तेव्हा लॅसेटरला वाटलं की आता सावलीच्या गणिताबद्दल विचारणार. त्याने विचारलं, मोठा लॅम्प आई आहे की बाप? डोळे नाहीत, तोंड नाही, आणि जाणकाराला नातं दिसलं.

म्हणून जे सोडायचं ते हे: प्रत्येक प्राण्याला लावलेली एक उचललेली भुवई, सतत चाललेली बडबड, दर दोन सेकंदाला कट. हे पुढच्या फिल्म्सनी एकमेकींचं पाहून वाढवलं आणि मालिकांनी स्वस्तात उचललं. २०२४ ची लाटव्हियाची 'फ्लो' बघा. ब्लेंडरमध्येच केलेली, एक शब्द नाही, प्राणी प्राण्यासारखे वागतात, आणि २०२५ चं ऑस्कर तिला मिळालं. तुमच्या नंदीला पापण्या आणि ओठ देऊ नका. ओठ नसले की लिपसिंकचे (ओठ आवाजाशी जुळवण्याचे) निदान चार दिवसही वाचतात.

दाखवण्याबद्दल थोडंसं. पोळा अमावास्येचा आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाहेर अंधार मिळेल, पण दिवस पावसाचे. आतच दाखवा. जुना प्रोजेक्टर गडद भाग गिळतो. समाजमंदिरात आधी एक फ्रेम लावून बघा, पोटाखालची सावली काळी ठिक्कर दिसली तर कलर मॅनेजमेंटमध्ये गॅमा १.१५ करा.

नंदी_पाटीवर

रील या आठवड्यात काढतो. चारऐवजी दहा पोट्ट्यांना दाखवू.

एकच राहिलं. ओढायची दोरी. ती काठीसारखी ताठ राहते, आणि ढील दिली की जमिनीत घुसते.

सांधा_आणि_खीळ

क्लॉथ किंवा रोपच्या सिम्युलेशनमध्ये जाऊ नका. २५ सेंटिमीटरच्या मापाला ते थरथरतं आणि प्रत्येक वेळी वेगळं निघतं. दोरी बेझिए कर्व्हची (हवी तशी वाकवता येणाऱ्या रेघेची) करा, बेव्हल डेप्थ १ मिलिमीटर, आणि पाच हुक (रेघ धरून हलवायचे बिंदू): एक पोराच्या मुठीत, एक नंदीच्या पाटीच्या कडीत, मधले तीन मोकळे. मुठीचा आणि कडीचा हुक त्या-त्या ठिकाणी पेरेंट करा (बांधून टाका), मधले तीन हाताने हलवा. ढील असताना मधला हुक जमिनीच्या वर २ मिलिमीटर ठेवा, शून्यावर नाही, कारण दोरीला जाडी आहे. ताण येताना मधला हुक ३ फ्रेममध्ये सरळ रेषेवर येतो, एक फ्रेम रेषेच्या किंचित वर जातो आणि परत येतो. ती एक फ्रेम असली की दोरी ओढली गेली हे कळतं.

काम मात्र सगळ्यात शेवटी करा. नंदीची चाल एका फ्रेमने सरकली तरी दोरीचे सगळे कीफ्रेम नव्याने बसवावे लागतात.